उजेडासमोर धरून

सकाळी सहाला नळाची तोटी फिरत नाही.
तोटीचा दोष नाही.
मी मनगटाने ढकलते, मग कोपराने,
दिगंबर उठायच्या आत कसंबसं पाणी सुरू करते
आणि कोमट तपेल्यात दोन्ही पंजे बुडवून
जेलरोडवरून जाणारी पहिली बस ऐकत बसते.
अंगठी दिवाळीपासून डब्यात आहे.

एकवीस वर्षं प्रेसमध्ये. तपासणी विभाग.
करकरीत ताव अंगठ्याखालून सरकायचे.
शाई पसरलेली, आकडा घसरलेला, धागा हुकलेला,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
कुंदा पगारे म्हणायची, तुझ्या बोटांना नाक आहे गं.
चांगला ताव मी कधी बाद केला नाही.
म्हणजे, एकदा केला. ते पुढे सांगते.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर बोरस्तेंनी
माझ्याच फायलीच्या पाठीवर चित्र काढलं.
एक खांब, वर दोन फाटे.
मी म्हटलं, हा तर आमच्या मोहाडीच्या बागेतला,
द्राक्षाचा मांडव पेलणारा वाय अँगल!
त्या हसल्या. अगदी तसाच, म्हणाल्या,
हा मात्र धरायला उभा असतो.
फाट्यांच्या टोकांना सहा-सहा बारीक वेढे,
आखडलेल्या बोटांसारखे,
त्यांच्या मधोमध खोबण,
आणि तुमच्या खोबणीत नेमकं काय बसतं, बघा.

प्रथिनांच्या माळेत आर्जिनिन नावाचा एक मणी.
एक एन्झाइम येतं, त्याच्यातला नायट्रोजन काढतं,
जागी ऑक्सिजन ठेवतं.
मण्यावरचा धन भार गेला. नाव बदललं, सिट्रुलिन.
बाकी माळ तीच, घरचीच.
एवढ्यावरून?
एवढ्यावरून.

एवढा फरक मलाही सापडला असता.
हे मी त्यांना बोलले नाही.

मग त्यांनी दुसरं चित्र काढलं:
पाच वाय, पायांपाशी जोडलेले,
चांदणीसारखे, दहा हात बाहेर.
एकेका हाताची पकड सैल,
पण दहा म्हटल्यावर सुटका कुठली.
आणि धरतात काय, तर दुसऱ्या वायचा खांब.
तपासनीसाने तपासनीसाचाच पाय धरलेला,
गुडघ्यात, मनगटात, बोटांच्या पेरांत,
सगळी पाळी तिथेच खोळंबलेली.

पहिल्या जातीच्या हातांवर म्हणे साखर चिकटलेली असते,
इतरांपेक्षा जास्त. कशासाठी,
ते अजून नीट कळलेलं नाही.
मला संक्रांतीला तिळगूळ खाल्लेली पोरं आठवली,
जिथे हात लावतील तिथे चिकटणारी.

तर तो ताव.
रात्रपाळी होती. वरचा आकडा हलल्यासारखा वाटला,
बाजूला काढला. मग पुढचा. त्याच्या पुढचा.
गठ्ठा वाढत गेला, मला घाम फुटला,
अख्खी छपाईच बिघडली म्हणून मी उठणार,
तेवढ्यात कुंदाने माझ्या नाकावरचा चष्मा काढला,
पदराने पुसला, परत चढवला.
आता बघ, म्हणाली.

ताव सगळे चांगले होते.

आत, रक्तात, एवढ्या मन लावून काम करणाऱ्यांचा
चष्मा कुणी पुसायचा?
मला त्यांचा राग येत नाही, हेच दिगंबरला पटत नाही.
राग येतो तो बरणीच्या झाकणाचा,
साडीच्या पिनेचा,
आणि पासबुकावर सही करताना
सही जुळत नाही म्हणणाऱ्या त्या नव्या पोराचा.
माझी सही. मला. जुळत नाही.

रिपोर्ट आला तेव्हा सवयीने
खिडकीच्या उजेडासमोर धरला.
जलचिन्ह नव्हतं. आकडा स्वच्छ छापलेला,
मर्यादेच्या दहापट.
शाई कुठे पसरलेली नव्हती.

गोळ्या आठवड्यातून एकदाच, बुधवारी.
कॅलेंडरवर दिगंबरने गोल केलेत.
एका बुधवारचा गोल जरा रेषेबाहेर गेलाय,
मी रोज जाता-येता बघते.